गमरेमास्तरांचा अठरा इंची

गमरेमास्तरांना मास्तर म्हणायची दोन कारणं होती. भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत ते वकिलांचे काळे कोट शिवायचे, म्हणून टेलरमास्तर. आणि आमच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे, म्हणून ड्रममास्तर. त्यांना स्वतःला दोन्ही कारणं जरा कमीच वाटत. "शाळेत मास्तर झालो असतो तर आई खूष झाली असती," असं ते म्हणत. मग समोरच्याचा खांदा चिमटीत धरून, "हे कुणी शिवलं हो?" असं विचारत.

मास्तरांना जाऊन आता वर्ष होईल. मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं गायले. दिवसा मी दादरच्या एका शाळेत क्लार्क आहे. सुट्टीच्या दिवशी नंदू पेडणेकरच्या ऑर्केस्ट्रात गाते. ऑर्केस्ट्राचं नाव 'नंदू नाइट' असलं तरी आमचे बरेचसे कार्यक्रम सकाळी अकरा वाजता असतात, कारण आम्हाला सगळ्यांत जास्त बोलावतात ते ज्येष्ठ नागरिक संघ. नंदू कीबोर्ड वाजवतो, निवेदन करतो, आणि बॅनरवर त्याचा फोटो बाकी सगळ्यांचे फोटो एकत्र केले तरी त्यांच्यापेक्षा मोठा असतो.

मी पहिल्यांदा तालमीला गेले तो दिवस आठवतो. परळला एका व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत तालीम होती. माझा वरचा सा काही केल्या लागेना. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा चिरकला. नंदूने छताकडे बघितलं. ड्रमच्या मागून एक ठेंगणा, चष्मेवाला, गळ्यात मापाची टेप घातलेला माणूस उठला आणि माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारून म्हणाला, "बाय, तुझ्या गळ्यात काय खोट नाही. ब्लाऊज डाव्या खांद्याला ओढतोय. हात वर केलास की दम अडकतो."

पुढच्या तालमीला त्यांनी डावी शिवण पाव इंच सोडून दिली. सा लागला. ब्लाऊजमुळे लागला की धीर आल्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तेव्हापासून माझे सगळे ब्लाऊज मास्तरांनीच शिवले. "मी फक्त कोर्टाचंच काम करतो," असं दर वेळी बजावून शिवले.

ती टेप त्यांच्या गळ्यात स्टेजवरसुद्धा असायची. नंदू चिडायचा. "मास्तर, लोक बघतात! काढा ती!" मास्तर मुकाट्याने काढून खिशात ठेवत. दोन गाणी झाली की टेप पुन्हा गळ्यात. घालताना त्यांना कधी कुणी पाहिलं नाही.

त्यांच्या वाजवण्यात एक गोष्ट मात्र खरोखर असामान्य होती, ती म्हणजे उजवा पाय. ड्रमसेटमधला सगळ्यांत मोठा ड्रम जमिनीवर आडवा असतो. त्याला आम्ही बेस म्हणतो आणि तो पायाने पेडल दाबून वाजवतात. मास्तरांचा पाय शिलाई मशीनवर तयार झालेला. वयाच्या चौदाव्या वर्षापासून पायमशीन. मध्ये सगळ्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली तेव्हा त्यांनीही बसवली. तीन महिन्यांत नंदू म्हणाला, "मास्तर, तुमचा बेस हल्ली मागे पडतो." त्यांनी त्याच संध्याकाळी मोटर काढून टाकली आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दिली. त्या मोटरचं काय करायचं, हे त्याने विचारलं नाही आणि मास्तरांनी सांगितलं नाही.

आता त्या बेसची गोष्ट. तो चोवीस इंची होता. मास्तरांनी तरुणपणी एका म्हाताऱ्या गोवेकर ड्रमरकडून घेतलेला. काळा, जाड लाकडाचा, पुढच्या कातड्यावर गोल अक्षरांत ऑर्केस्ट्राचं नाव. तो मास्तरांच्या चाळीतल्या खोलीत राहायचा. खोली दहा बाय बारा, माणसं दोन. मुलगी लग्न होऊन नाशकाला. कमलवहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, त्या ड्रमला 'हंडा' म्हणत. हंड्याचं पुढचं कातडं काढून त्यांनी आत घरातल्या गोधड्या ठेवल्या होत्या. बेसच्या पोटात थोडं कापड लागतंच, नाहीतर आवाज घुमत राहतो, म्हणून मास्तरांचीही हरकत नव्हती. फक्त थंडी पडली की वहिनी गोधड्या बाहेर काढत आणि ड्रम पोकळ वाजू लागे. डिसेंबर-जानेवारीतल्या कार्यक्रमांना आमचा बेस वेगळाच लागायचा. नवीन आलेला गिटारवाला एकदा म्हणाला, "मास्तर, आज साउंड ओपन आहे, मस्त." मास्तर म्हणाले, "काल पाहुणे आलेत गावाहून. तीन जण."

हे सगळं वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं ते शुक्लाजींच्या टॅक्सीमुळे. जुनी काळीपिवळी, वर लोखंडी कॅरियर. स्टँड, पिशव्या, छोटे ड्रम वर बांधायचे आणि चोवीस इंची मागच्या सीटवर साहेबासारखा बसायचा. त्याला कॅरियरवर ऊन लागू द्यायचं नाही, हा मास्तरांचा नियम. मास्तर पुढे शुक्लाजींशेजारी. तीस वर्षांत शुक्लाजींना आमची सगळी गाणी पाठ झाली होती, आणि कुठलं मी बेसूर गाते हेही.

एके दिवशी शुक्लाजी दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले.

"मास्टरजी, गाडी का टाइम खतम. सरकार ने बोल दिया."

"मग?"

"नयी ली है. छोटी है. अच्छी है. लेकिन..." शुक्लाजींनी डोक्यावर हात फिरवला, तिथे कॅरियर असल्यासारखा. "ऊपर कुछ नहीं. और डिक्की में सिलिंडर."

पुढच्याच रविवारी गिरगावात एका ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन होता. अकराचा कार्यक्रम. आम्ही साडेदहाला हजर. पावणेअकरा झाले, अकरा झाले, मास्तर नाहीत. फोन उचलेनात. सव्वाअकराला अध्यक्ष घड्याळ दाखवू लागले. शेवटी नंदूने कीबोर्डमधलाच तयार ठेका लावला आणि मी उभी राहिले.

चौथं गाणं चालू असताना हॉलचं मागचं दार उघडलं आणि मधल्या वाटेने चोवीस इंची ड्रम घरंगळत आत आला. मागे मास्तर, घामाने निथळत. त्यांच्या मागे शुक्लाजी, दोन्ही हातांत स्टँड.

झालं होतं असं, की ड्रम मागच्या दारातून जाईना. पुढच्या सीटवर अर्धा गेला, अर्धा बाहेर. मास्तरांनी दार ड्रमवर टेकवलं आणि खिडकीतून टेप घालून बांधलं. स्वतः मागे बाकीच्या सामानाखाली. गिरगावच्या अलीकडे ट्रॅफिकच्या हवालदाराने थांबवलं.

"दार उघडं का?"

"साहेब, बंदच आहे," सामानाखालून मास्तर म्हणाले. "फक्त चौदा इंच राहिलंय."

हवालदाराने सगळं खाली उतरवलं. तिथून ते दोघे चालत आले, ड्रम फुटपाथवरून ढकलत. टॅक्सी आणि बाकीच्या सामानाजवळ एका नारळवाल्याला बसवून.

पण मास्तरांना लागलं ते हे नाही. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा कौतुकाने स्टेजपाशी आले आणि नंदूचा हात हातात घेऊन म्हणाले, "आज सुरुवातीची गाणी फार छान झाली. शब्द न् शब्द ऐकू आला. एरवी तुमचं ते धडाम् धडाम् असतं ना..." आणि मागे मास्तर उभे आहेत हे दिसल्यावर म्हणाले, "तेही छानच असतं."

नंदू त्यावर हसला नाही. नंदू विचारात पडला. ते मास्तरांनी बघितलं.

आठवड्याने त्यांनी जाहीर केलं, "छोटा बेस घेतो."

नंदू म्हणाला, "मास्तर, बेस म्हणजे बेस. पहिल्या रांगेच्या पोटात बसला पाहिजे. छोटा घ्यायचा तर मग ठेक्याचं मशीन काय वाईट? मशीन टॅक्सीत बसतं."

"मशीनला पाय नाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी विषय संपवला. म्हणजे त्यांच्यापुरता.

मग शोध सुरू झाला. तो आठ महिने चालला. कोट शिवायला आलेल्या वकिलांना ते ड्रमचे आकार समजावून सांगत. एकच सेट असायला हवा. चौदा एप्रिलच्या जयंतीला मैदानात वाजला पाहिजे, कोळीवाड्यात हळदीला नाचवला पाहिजे, म्हाताऱ्यांना शब्द ऐकू आले पाहिजेत, आणि लोअर परळला मिलच्या जागेत ते जे हॉटेल झालंय तिथे लोक जेवताना दचकता कामा नयेत. हो, तिथेही आम्ही महिन्यातून एकदा वाजवायचो. "आपल्याला काय चार सेट परवडतायत? आणि ठेवू कुठे? एकच सदरा पाहिजे, लग्नालाही चालेल, दुखवट्यालाही चालेल." वकील मान डोलवत आणि कोट कधी मिळेल ते विचारत.

दादरला वाद्यांचं एक दुकान होतं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मास्तर मला तिथे घेऊन गेले. मला ड्रममधलं काय कळतंय, असं मी म्हटलं. "कळायला नको आहे, पाय पाहिजे," म्हणाले. त्यांच्याकडे कापडी पिशवीत स्वतःचं पेडल होतं, पांढऱ्याशुभ्र कापडात गुंडाळलेलं.

फ्रान्सिस नावाचा सेल्समन होता, सज्जन माणूस. त्याने तीन बेस मांडले. बावीस, वीस आणि अठरा. मास्तरांनी टेप काढून तिन्ही मापले. फ्रान्सिस म्हणाला, "मास्टर, साइज लिहिलाय त्याच्यावर." मास्तर म्हणाले, "कापडावर पण लिहिलेलं असतं." मग बावीसला पेडल लावलं, दोन मिनिटं वाजवलं आणि उठले.

"बाय, आता तू बस. एक दोन तीन चार मोजायचं आणि एकला पाय मारायचा. थांबायचं नाय."

"आणि तुम्ही?"

"मी ऐकतो. वाजवणाऱ्याला आपला आवाज कळत नाय कधी."

आणि ते दुकानाबाहेर गेले. मी साडी सावरून स्टुलावर बसले आणि पाय मारू लागले. धप्. दोन तीन चार. धप्. मास्तर रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले. कानामागे हात लावून उभे. मध्ये बस आली. बस गेली तर मास्तर नाहीत.

मी थांबले नाही. सांगितलं होतं ना. पाच मिनिटं झाली. दहा झाली. फ्रान्सिसने मला पाणी आणून दिलं. गिटारच्या तारा घ्यायला आलेल्या एका बाईंनी बराच वेळ बघून हळूच विचारलं, "तुम्ही क्लासेस घेता का?" माझी पोटरी भरून आली. वीस मिनिटांनी मास्तर परतले.

"कुठे होतात?"

"कोपऱ्यावरच्या हॉटेलात. बाहेरच्या टेबलापर्यंत येतो आवाज. आतल्या टेबलाला नाय."

"आतल्या टेबलावर कोण ऐकतंय, मास्तर?"

"शेवटच्या रांगेतला माणूस असाच असतो. चहा पीत, दुसरीकडे तोंड करून. त्याच्या मानेला कळलं पाहिजे." आणि पुढच्या ड्रमकडे बोट दाखवून, "हां, आता वीस."

तिन्ही ड्रम मिळून मास्तरांनी तीन चहा घेतले. माझा पाय दोन दिवस दुखत होता. शेवटी फ्रान्सिस म्हणाला, "मास्टर, ट्वेंटी घेऊन जा. ऑलराउंडर आहे. बावीस मोठा, अठरा जॅझवाले वापरतात, छोट्या जागेत. ट्वेंटी सगळीकडे चालेल."

मलाही तेच वाटत होतं. कळत नसलं तरी पायाला वाटत होतं. पण मास्तर अठरापाशी उकिडवे बसून राहिले होते. त्याची कडा हाताने चाचपत होते.

"अठराच," म्हणाले.

"का पण?" मी विचारलं.

त्यांनी आधी फ्रान्सिसकडे बघितलं, मग तो पलीकडे गेल्यावर बोलले. "शुक्लाजीच्या गाडीची मागची सीट मापली मी. वीसचा घेतला तर बाजूला जी जागा राहते ना, तिथे कमल बसत नाय. अठराला बसते."

मला पटकन कळलं नाही.

"अगं, ती हॉस्पिटलात आया होती. रविवार नाय, सण नाय. जी सुट्टी मिळायची त्या दिवशी टॅक्सीत हा हंडा. रिटायर झाली तर गुडघे गेले, बसमध्ये चढता येत नाय. तीस वर्षांत तिने माझा एक प्रोग्राम बघितला नाय, बाय. नवरा काय वाजवतो तिला माहीत नाय. खोलीत वाजवला असता तर चाळीने बाहेर काढलं असतं."

"दुसरी टॅक्सी करा ना वहिनींना."

"म्हणजे मी ड्रमबरोबर आणि ती एकटी? मग उपयोग काय?"

अठरा इंची घेतला. तो इतका लहान होता की पेडलचा हातोडा मधोमध न बसता वरच्या कडेला बसायचा. त्यावर मास्तरांनी कोटाच्या बाहीला इस्त्री करायची लाकडी फळी कापली आणि ड्रमच्या पोटाखाली बसवून तो उचलून घेतला. मग आवाजाचा प्रश्न. त्यावर त्यांनी ड्रमच्या आत ठेवायला काळ्या कोटांच्या कातरणीच्या तीन उशा शिवल्या. स्मॉल, मीडियम, लार्ज. मैदानात स्मॉल, हळदीला मीडियम, ज्येष्ठ नागरिकांना लार्ज. प्रत्येकीला कोटासारखं लेबल. हॉटेलसाठी मीडियम आणि लार्ज दोन्ही. "कातडं सैल केलं, उशी बरोबर लावली, तर अठरासुद्धा खालच्या सुरात जातो," ते मला समजावत. "मोठ्या पोटातूनच मोठा आवाज येतो असं काय नाय. नंदूचंच बघ."

नंदूने तालमीला तो ड्रम पहिल्यांदा बघितला तेव्हा तो खरा चिडला. आणि नंदू खरा चिडला की मालवणीवर येतो.

"मास्तर, ह्यां काय हाडलात? टोप?"

"वाजवून तर बघू."

"बघूचा काय त्याच्यात? लोक हसतले!" मग कसाबसा शुद्ध मराठीत येत म्हणाला, "हे बघा मास्तर. बारा तारखेला शीव कोळीवाड्यात हळद आहे. मोठं घर आहे, सगळा कोळीवाडा असणार. तिथे तुमचा तो चोवीस घेऊन या, कसा आणायचा ते तुमचं तुम्ही बघा. त्या दिवशी बायका नाचल्या नाहीत तर पुढच्या महिन्यापासून मी मशीन लावणार. मला वाईट वाटेल. पण लावणार."

मास्तर पेडल पांढऱ्या कापडात गुंडाळत राहिले. जिना उतरताना एका पायरीवर थांबले आणि मला म्हणाले, "वाईट वाटेल म्हणाला ना? मग लावणार हा." त्या जिन्यात त्यांचा चेहरा मला एकदम म्हातारा वाटला.

बारा तारखेला संध्याकाळी सहाला मी कोळीवाड्यात पोचले. मांडवात गर्दी होती, बायका हिरव्या-पिवळ्या साड्यांत, पोरं खुर्च्यांवरून उड्या मारतायत. स्टेजवर बघते तर मधोमध चोवीस इंची! तोच काळा गोल, तेच नंदूचं नाव. मागे मास्तर बसलेले, शांत. आणि पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, ठेवणीतली निळी साडी नेसून कमलवहिनी. मला कळेना. दोघं एका गाडीत आले कसे?

नंदू खूष होता. "बघितलंस माधवी? आणलाच शेवटी. म्हटलं ना, माणसाला धमकी द्यावी लागते."

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्याच गाण्याला वराची आत्या उठली. दुसऱ्याला तिच्या चार बहिणी. तिसऱ्या गाण्याला मांडवात खुर्च्या मागे साराव्या लागल्या. मास्तरांचा पाय असा पडत होता की मी गाताना दोनदा मागे वळून पाहिलं. घट्ट, गोल, नेमका. नंदू कीबोर्डवरून ओरडला, "पोटात बसला मास्तर! मोठा तो मोठाच!" मास्तरांनी खाली मान घालून नमस्कारासारखं काहीतरी केलं.

आणि सातव्या की आठव्या गाण्याला आत्याबाई नाचत नाचत स्टेजवर चढल्या. त्यांनी नंदूला हाताला धरून ओढलं, स्वतःभोवती गिरकी घेतली, आणि त्यांची कंबर चोवीस इंचीला लागली. ड्रम पडला. म्हणजे, ड्रमचा पुढचा चेहराच पडला. नुसतं कातडं आणि त्याचं लाकडी कडं. बायकांच्या पायांत थाळीसारखं गरगर फिरत जाऊन ते आडवं झालं, आणि त्याच्या मागे, इस्त्रीच्या फळीवर बसलेला, अठरा इंची.

मास्तरांनी वाजवणं थांबवलं नाही. एक ठोकासुद्धा चुकला नाही.

हसण्याचा जो आवाज झाला तो शीव स्टेशनपर्यंत गेला असेल. आत्याबाईंना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी ते कडं उचललं, गळ्यात घालता येतं का बघितलं आणि त्यावर थाप मारत नाचू लागल्या. नंदू मात्र कीबोर्डवर हात ठेवून पुतळा झाला होता. त्याचं नाव आत्याबाईंच्या पोटावर उलटं लटकत होतं.

मध्यंतरात तो मास्तरांकडे आला. मास्तर उभे राहिले, टेपशी चाळा करत.

"फसवलात तुम्ही मला," नंदू म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले. "पण तुझ्या डोळ्यांना फसवलं. कानांना नाय."

नंदूने वाकून त्या छोट्या ड्रमच्या उघड्या तोंडातून आत हात घातला आणि उशी बाहेर काढली. उलटसुलट केली. लेबल वाचलं.

"मीडियम?"

"हळदीला मीडियम."

नंदूने उशी पुन्हा आत ठेवली, नीट, जशी होती तशी. "मशीनचं नंतर बघू," म्हणाला आणि सरबत प्यायला निघून गेला. मशीन त्याने नंतर कधी बघितलं नाही. पुढे दोनेक महिने मात्र तो मास्तरांशी फक्त कामापुरतं बोलला, आणि त्या दोन महिन्यांत मास्तरांनी त्याला एक जाकीट शिवून दिलं. मापाला न बोलावता, नजरेने घेतलेल्या मापाचं. ते त्याला अंगासरसं बसलं, याचाही त्याला राग आला.

हळद संपल्यावर मी वहिनींपाशी गेले. त्या अजून खुर्चीतच होत्या, मांडीवर जेवणाचा बॉक्स, न उघडलेला. मास्तर स्टेजवर सामान बांधत होते, पण त्यांचं अर्धं लक्ष आमच्याकडे होतं हे दिसत होतं.

"काय वहिनी, कसं वाटलं?"

वहिनींनी पदर सारखा केला. "मला वाटायचं नुसती दणदण असेल," त्या म्हणाल्या. "तसं नाय ओ. ह्यांच्या मागोमाग सगळी जातात." मग मास्तर जवळ आले तेव्हा त्यांना म्हणाल्या, "बरं वाजवता तुम्ही."

मास्तर म्हणाले, "बरं?"

"बरं म्हणजे बरं. आता काय लिहून देऊ?"

मास्तरांनी ड्रम उचलला आणि टॅक्सीकडे चालू लागले. इतक्या झपझप, की शुक्लाजींनी धावत जाऊन त्यांना दार उघडून दिलं.

त्यानंतर वहिनी प्रत्येक कार्यक्रमाला येऊ लागल्या. दर वेळी काहीतरी सूचना करत. हॉटेलात त्या एकदा मॅनेजरला म्हणाल्या, की इथे लोक जेवताना ह्यांचं ऐकत नाहीत तर बोलावता कशाला. मॅनेजरने दोन सूप पाठवली. जयंतीला चाळीच्या मैदानात मास्तरांनी उशीच काढून टाकली, स्मॉलसुद्धा नको म्हणाले. त्या दिवशी तो एवढासा ड्रम असा दणाणला की कबुतरं उडाली. मागे पाण्याच्या टाकीपाशी, स्टेजकडे पाठ करून, हातात चहा घेऊन एक माणूस उभा होता. मास्तरांनी मला ड्रमच्या काठीने खुणावून तो दाखवला. त्याची मान हलत होती.

अशी दोन वर्षं मिळाली. नंतर मास्तर फार दिवस अंथरुणाला खिळले वगैरे नाहीत. ताप आला, न्यूमोनिया झाला, आठ दिवसांत गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात नंदू बोलायला उभा राहिला. आयुष्यभर निवेदन केलेला माणूस, पण माइकसमोर नुसता उभाच राहिला. शेवटी "मास्तर माणूस म्हणून..." एवढं बोलून खाली बसला. ते जाकीट घालून आला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जाण्याच्या महिनाभर आधी. शाळेच्या कामासाठी एक प्रतिज्ञापत्र करायचं होतं म्हणून मी भोईवाड्यात गेले होते. मास्तरांचं दुकान उघडं होतं पण ते नव्हते. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "आत गेलेत कोर्टात. एका पोरीची आज पहिली केस आहे. कोट सकाळीच दिला तिला. बघायला गेलेत कसा बसतोय."

मी शोधत शोधत दुसऱ्या मजल्यावर गेले. एका दालनाचं दार अर्धवट उघडं होतं. आत शेवटच्या बाकावर मास्तर बसले होते, पुढे झुकून. समोर एक पंचविशीची मुलगी नव्या काळ्या कोटात उभी राहून बोलत होती, आणि इतक्या वेगाने बोलत होती की मला एक शब्द कळेना. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "मॅडम, जरा सावकाश." त्यावर ती आणखीच घाईत आली. कागद खाली पडला. तो उचलताना तिने मागे वळून बघितलं.

मास्तरांनी उजवा हात छातीइतका वर उचलला आणि तळवा पालथा करून हळूहळू खाली आणला. आम्ही गाताना घाई करू लागलो की ते हातातली काठी सोडून आम्हाला अस्सा हात दाखवत. पुन्हा एकदा वर, पुन्हा खाली. मुलगी बघत राहिली. मग तिने वळून कागद नीट लावले, श्वास घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी दारातून मलाही प्रत्येक शब्द ऐकू येत होता. मॅजिस्ट्रेटांनी पेन उचललं.

मला मास्तरांना हाक मारायची होती. दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाने दबक्या आवाजात विचारलं, "तुमची केस आहे का आत?"

मी नाही म्हटलं. त्याने दार लोटून घेतलं. ते पूर्ण मिटेपर्यंत मास्तरांचा हात हवेत तसाच होता.